तबल्याशिवायचा शनिवार

नागपुरात हुडकेश्वरच्या एका गार्डन रेस्टॉरंटात मधुसूदन दर शनिवारी गझल गायचा. शेजारी तबल्यावर संघपाल. गिऱ्हाइकं जेवत असायची, ऐकलं तर ऐकलं. मधुसूदनने मात्र मेहनतीत कधी हात आखडता घेतला नाही.

वय झालं तसा दम पुरेना. लांब ओळ संपली की त्याचा खांदा आपसूक वर जाई. संघपालची नजर त्या खांद्यावर असे. तो तबला एक आवर्तन जास्त फिरवी, तेवढ्यात मधुसूदन श्वास घेई. यावर दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

जुना मालक थकला आणि त्याचा मुलगा ऋषी गल्ल्यावर बसू लागला. एक दिवस त्याने मधुसूदनला बोलावून घेतलं.

"काका, आता रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गा. मिहानच्या आयटी कंपन्यांतली पोरं येऊन राहिली आपल्याकडे. त्यायले भरगच्च म्युझिक लागते. अन् तबल्याच्या जागी एक टेबल बसते."

"अन् संघपाल?"

"तुम्ही तर आहाच ना! या शनिवारी करून पाहा. जमलं तर पक्कं."

ही जागा गेली तर या वयात दुसरं कोण बोलावणार? मधुसूदनने मान हलवली. संघपालला खरं सांगणं जिवावर आलं. शनिवारी तिथं लग्नाची पार्टी आहे, गाणं नाही, असं त्याने ठोकून दिलं.

शनिवारी पहिली गझल कशीबशी निभली. दुसरीत लांब ओळ संपली, सवयीने खांदा वर गेला आणि तो थांबला. ट्रॅक थांबला नाही. श्वास घेईस्तोवर पुढची ओळ अर्धी निघून गेली होती. सुटलेल्या बसमागे धावावं तसा तो शेवटपर्यंत शब्दांमागे धावला. पाठ घामानं भिजली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या.

"एकदम झक्कास!" ऋषी म्हणाला. "पडला काही फरक?"

"आज अर्धंच काम झालं."

"लोकायले चाललं ना?"

"मले नाही चाललं. आलो तर दोघं येऊ."

ऋषी चिडला नाही. "मग राहू द्या काका," तो म्हणाला. "गाणाऱ्याच्या आवाजासकट ट्रॅक भेटतात. तेच लावतो."

सकाळी मधुसूदन संघपालच्या घरी गेला. संघपाल ओसरीत बसून हातोडीने ठोकून तबला सुरात लावत होता.

"काय बे, लग्नात जेवलास का नाही?"

मधुसूदन चपला काढता काढता थांबला.

"तिथं पोळ्या लाटते ना अंजनाबाई, तिनं सांगतलं मले."

मग मधुसूदनने सगळंच सांगितलं.

"येडा आहेस काय? सोडलं काहून गा? एकाचं तरी चाललं असतं."

"दम नाही पुरला."

संघपालने हातोडी खाली ठेवली. आत जाऊन मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला घेऊन आला. नवीन मढवलेला होता.

"हा काहून?"

"तुहा सूर केव्हाचाच उतरला. तू म्हणशील तेव्हा काढू म्हटलं."

मधुसूदन भिंतीला टेकून बसला. शनिवारी जायला आता कुठंच नव्हतं.

"लाव," तो म्हणाला.