आकारामची छाती आणि फाउंड्रीतला गूळ

गडमुडशिंगीत माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात. त्यातही आकाराम सगळ्यांच्या वरचा. तो घरात "च्या टाक" म्हणाला की शेजारच्या दोन घरांतही आधण चढायचं. जत्रेच्या कुस्ती मैदानात लोडशेडिंगनं माईक बंद पडला की पंच त्यालाच पुढं करायचे. पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, सगळं तो एका दमात पुकारायचा आणि पार शेवटच्या बांधावरच्या माणसालाही ऐकू जायचं. स्वतः त्यानं एकही कुस्ती जिंकली नव्हती. छाती मात्र गदा मिळाल्यासारखी काढून चालायचा.

पोटासाठी तो फाउंड्रीत होता, आमच्याच शेडमध्ये. ओतलेल्या लोखंडाच्या खडबडीत कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या, हे आमचं काम. वाळूची आणि लोखंडाची भुकटी अशी उडायची की समोरचा कोण आहे हे आवाजावरून ओळखावं लागायचं. मालकानं त्यावर उपाय शोधला होता. धूळ ओढून घेणारं मशीन महाग पडत होतं, म्हणून रोज प्रत्येकाला गुळाचा खडा. गूळ छातीतली धूळ बाहेर काढतो, यावर आम्हा सगळ्यांचा विश्वास. ऊस आमचा, गुऱ्हाळ आमचं, मग गुळाला नावं ठेवणार कोण? आकाराम तर दोन खडे घ्यायचा, छाती मोठी म्हणून. थुंकी काळी पडली की गडी खूश. "बघ, निघतंय की," म्हणत आम्हाला दाखवायचा, तेही नेमकं डबे उघडल्यावर.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोणीतरी तपासणीला येणार म्हणून मास्क आले. आकारामनं आपला मास्क उलटासुलटा करून बघितला.

"मळणीला बैलाच्या तोंडाला बांधत्यात त्ये मुसकं ह्ये," तो म्हणाला. "मी काय कणसं खातोय व्हय?"

तपासणी झाली आणि मास्क कपाटात गेले.

पुढं काही वर्षांनी त्याला दम लागायला लागला. गगनबावड्याला पाहुण्यांच्या लग्नाला गेला आणि मांडवाच्या अलीकडच्या चढावरच खाली बसला. "लई थंडी हाय हितं," म्हणाला. मे महिना होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, त्याला रिक्षात घातलं आणि कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. धरायला मी होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. छातीचा फोटो उजेडाला धरून त्यांनी समजावलं, "जाड धूळ नाकाघशात अडकते, थुंकीतून बाहेर येते. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मात्र थेट खाली उतरते. तिनं तुमची फुप्फुसं कडक केलीत. त्यातली अगदी बारीक तर रक्तातही शिरते. हा सगळा भार हृदयावर येतो, आणि तुमचं हृदय थकलंय."

"पण मी रोज गूळ खातोय की."

"गूळ पोटात जातो, काका. धूळ छातीत."

"दोन्ही एकाच तोंडातनं जात्यात न्हवं?"

बाईंनी घशात दोन वाटा कशा फुटतात ते कागदावर काढून दाखवलं. आकारामनं त्या दोन्ही वाटांवरनं बोट फिरवलं.

"मग एवढी वर्सं खाल्लेला गूळ गेला कुठं?"

"रक्तात," बाई म्हणाल्या. "तुमची साखर वाढलीय."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. जे खराब झालं ते परत येणार नाही, धूळ सोडली तर उरलेलं टिकेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आकारामनं एवढंच विचारलं, "मैदानात पुकारता येईल का?" बाळाबाई तिथंच कडाडली, "आवाज गेला तर जाऊ दे. तुम्ही ऱ्हावा म्हंजे झालं."

त्यानं काही ऐकलं नाही. जत्रेपर्यंत कामावर येत राहिला. मैदानाच्या दिवशी शेवटच्या जोडीच्या वेळी लाईट गेली आणि पंचांनी त्याला हात केला. तो उठला. पैलवानाचं नाव आलं, गाव आलं, तालमीच्या नावावर दम तुटला. मग नुसता खोकला. दोन पैलवान तांबड्या मातीत एकमेकांकडं बघत उभे राहिले. शेवटी पंचांनी खुणेनंच कुस्ती लावली. मी चेष्टेखोर माणूस, पण त्या दिवशी मला रडू आलं.

सोमवारी तो शेडमध्ये आला, पण कामाला नाही. ग्राइंडर जोरात चालू होते. तो सरळ मालकासमोर जाऊन उभा राहिला.

"मालक, गूळ नगं. धूळ वडायचं मशीन बसवा. न्हायतर ह्ये समदे बी माझ्यागत हुतील."

मालकानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल की आकाराम. काय बी ऐकू येत न्हाय."

आकारामनं पुन्हा तोंड उघडलं, पण खोकला आला.

कृष्णात म्हणून आमच्यात एक जण होता, मालकाची गाडी दिसली तरी घाम फुटणारा. त्यानं आपला ग्राइंडर बंद केला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग मी. बघता बघता सगळी शेड गप पडली.

"मशिनी कुणी बंद केल्या?" मालक खेकसला.

आकाराम भिंतीला हात टेकून दम घेत होता. त्याला बोलता येईपर्यंत आम्ही थांबलो, आणि मालकालाही थांबावं लागलं.