कोटाची उजवी बाजू

सुभेदारकाकांचा काळा कोट वर्षातून एकदा माझ्या दुकानात यायचा. धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला, की काका तो हातावर टाकून आणत आणि मशीनवर ठेवताना अशी नजर रोखत, की जणू मी शिंपीण नसून कालच भरती झालेली शिपाई आहे. कोटाच्या डाव्या छातीवर कापडाची पट्टी शिवलेली होती. तिच्यात पदकांची ओळ अडकवायची. पट्टीचे टाके दरवर्षी मी नव्यानं घालायचे. जुने चांगले पक्के असत, पण काकांना सांगणार कोण!

सोबत त्यांची लेक असायची. बायको लवकर गेली, पोरीला काकांनीच वाढवलं. तान्हेपणी ती अशी काही रडायची, की सगळी गल्ली तिला भोंगा म्हणायची. पुढं ती अॅम्ब्युलन्स चालवायला लागली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली.

काका तिला दरवर्षी एकच नियम ऐकवत. आपली पदकं डावीकडे, घरातल्या गेलेल्या माणसाची उजवीकडे. मी गेलो, की ही तुझ्या उजव्या बाजूला. एवढं ओझं लावलं तर मी कलंडेन, असं ती म्हणायची. काकांना तिची थट्टा आवडायची, फक्त ते तसं दाखवत नसत.

एका वर्षी मात्र तिनं थट्टा केली नाही. काका तेव्हा माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्या दिवशी स्मारकापाशी धारातीर्थी पडलेल्या सैनिकांची नावं वाचली जात. तिनं विचारलं, आगीत गेलेल्या फायर ब्रिगेडवाल्यांची, आमच्या अॅम्ब्युलन्सवरच्यांची नावंही त्यात वाचली तर? काकांनी कोटावरची नजर काढली नाही.

"गोळी लागते का तुम्हाला?"

लेक हसली. मग माझ्या कानाशी म्हणाली, ताई, टाके नीट घाल, यांची छाती जरा जास्तच फुगलीय. त्या वर्षी मंडळानं ठरावच केला, की नावं फक्त सैनिकांची. मला काकांचा संताप आला होता. लेकीचं कौतुक तर होतं, पण तिला आपल्या पंक्तीला बसवायचं नव्हतं. त्यांची बाजूही खोटी नव्हती म्हणा. त्या नावांतली काही पोरं त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून खाली आणली होती, आणि ती वाटेतच गेली होती.

त्याच हिवाळ्यात, दाट धुक्यात, महामार्गावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. भोंगा सगळ्यांच्या आधी पोचली. एका बाईला तिनं बाहेर काढलं, मागच्या सीटवरच्या मुलासाठी पुन्हा आत वाकली. मुलाला अॅम्ब्युलन्सवरच्या जोडीदाराच्या हातात दिलं आणि मागून ट्रक आला. मूल वाचलं. आमची पोर गेली.

पुढचा स्मरणाचा दिवस आला. काका कोट घेऊन एकटेच आले. खिशातून त्यांनी तिच्या गणवेशावरचा नावाचा बिल्ला काढला. तो एका कोपऱ्यात चेपला होता. उजवीकडे पट्टी शिव म्हणाले. मी शिवत होते तोवर ते भिंतीकडे तोंड करून बसले.

तिचं नाव वाचा, अशी विनंती त्यांनी मंडळाला केली होती. नवा अध्यक्ष भला माणूस होता. त्यानं हात जोडून सांगितलं, की काका, ठराव तुमचाच आहे. स्वतःच घातलेलं कुलूप, आता कुणाच्या नावानं बोटं मोडणार?

समारंभाला मी मागं उभी होते. नावं वाचून झाली, पुष्पचक्र वाहायला काकांना बोलावलं. त्यांनी ते वाहिलं, सलाम केला आणि परत फिरायच्या ऐवजी माइकपाशी गेले. तिथं त्यांनी तिचं नाव घेतलं. भोंगा नव्हे, शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव. पण वाचन संपलं म्हणून कुणीतरी माइक बंद केला होता, आणि काकांचा आवाज वयानं बसलेला. मी ते नुसतं ओठांवरून ओळखलं. मग बँड सुरू झाला.

तिथून काका सरळ दुकानात आले. पदकं काढून बाजूला ठेवली, कोट मशीनवर पसरला आणि डावीकडची पट्टी उसव म्हणाले. मी म्हटलं, काका, ती तुमच्या कमाईची आहेत.

"माझ्यामागं ती लावणार कोण?"

मी कात्री घेतली. पट्टी निघाली तिथं कापड अजून नव्यासारखं काळं होतं, बाकी कोट पार विटला होता. कात्री चुकून तिकडं जाईल म्हणून काकांनी उजवीकडचा बिल्ला तळहातानं झाकून धरला होता.

"उजवी बाजू तिनं लावायची होती गं," ते म्हणाले. "मी नाही."

मी उरलेले दोरे वेचत राहिले. मग त्यांनी विचारलं, "गोळी लागते का, असं मी तिला म्हणालो, तेव्हा तू इथंच होतीस. ती काय म्हणाली गं?"

"काही नाही, काका. हसली."

तेव्हा ते रडले. मशीनवर डोकं टेकून, बिल्ल्यावरचा हात न काढता.