आमच्या वायफायचं लपवलेलं नाव

दोन हजार दहाचा जानेवारी असेल. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत तेव्हा वायफाय फक्त आमच्याकडे होतं, आणि त्याला पासवर्डच नव्हता! जोडून देणारा माणूस तसंच सोडून गेलेला आणि घरात कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. मी नुकतीच इंजिनिअरिंगला गेले होते, त्यामुळे घरची इंजिनिअर मीच.

नेट घेतलंच होतं ताईसाठी. ताई अमेरिकेत, सातवा महिना संपत आलेला, आणि आईच्या व्हिसाचं काही जमत नव्हतं. दर रविवारी सकाळी दहा वाजता आई चांगली साडी नेसून लॅपटॉपसमोर बसायची. तिकडे शनिवारची रात्र. ताई दिसायची कशी, तर नुसते चौकोन चौकोन. तोंड उघडं राहिलेलं आणि आवाज कुठल्या कुठे पुढे गेलेला.

"नीट आहेस ना गं?"

"एकदम मस्त आहे आई," ताई म्हणायची आणि तिथेच अडकायची.

कॉल संपला की आई म्हणायची, आवाज बरा वाटला, पण पोरगी काही दिसली नाही.

मी राउटरचं पान उघडून बघितलं तर चार मशिनं जोडलेली! आमचं त्यातलं एकच.

"पासवर्ड टाक ना मग," बाबा म्हणाले.

"नको बाई," आई म्हणाली. "लोकं मागायला येतील. मला नाही म्हणता येत नाही, आणि म्हटलं की वाईटपणा."

हे खरंच होतं. मग मला इतकी भारी आयडिया सुचली ना! नावच लपवायचं. एक टिक काढली की आपलं नाव कुणाच्या यादीत दिसतच नाही, ज्याला माहितीये त्याने ते हाताने टाइप करायचं. दिसलंच नाही तर मागणार कोण? मंगळवारी मी ते करून टाकलं. आणि मी घरी नसताना लॅपटॉपने नाव मागितलं तर आईची अडचण नको, म्हणून ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आमच्याकडे सगळं कॅलेंडरवरच असतं, गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला नाही. लाल पेनने, एकेक अक्षर सुटं सुटं.

कॅलेंडर हॉलमध्ये. आणि शनिवारी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू.

रविवारी ताई परत चौकोन चौकोन. राउटरवर तीन मशिनं. मी नाव बदलायलाच बसले होते, पण आई उठली, गॅस बंद केला आणि सरळ शेजारच्या काकूंची बेल वाजवली. मी मागे मागे.

"अहो, आमचं नेट चालतं का तुमच्याकडे?"

"चालतं ना!" काकू देवळा तालुक्यातल्या, बोलणं एकदम मोकळं. "मंगळवारपासून बंद होतं तर पोरीची लय पंचाईत झाली. परीक्षेचे व्हिडिओ उतरवती ती. बरं झालं तुम्ही नाव लिहून ठेवलं."

आतून त्यांची मुलगी आली. "वाणाची वाट बघत बसले होते ना काकू, समोरच होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पण नाव लिहून घेतलं."

आईने माझ्याकडे बघितलं.

"ते लपवलेलं आहे," मी हळूच म्हणाले.

"हॉलमधी?" काकू म्हणाल्या.

मला हसू पण येईना. मग काकूंचा चेहरा जरा उतरला. "अन् लपवायचं कशाला? आम्ही काय चोर हाय का?"

"तसं नाही हो," आई म्हणाली. "सातवा संपतोय थोरलीचा, तिकडे अमेरिकेत. दर रविवारी बसते मी, पण ती दिसतच नाही मला."



"अगं बया. मग आधी बोलायचं नाय का! रविवारी सकाळी ना? बंद ठेवू आम्ही. वरचीला मी सांगते, ती काय करती बघते."

पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना काकू गॅलरीतून ओरडल्या, "बंद केलं हो! वरचं पन केलं!" आणि स्वतःच आमच्याकडे आल्या.

ताई अख्खी दिसली! मागचा पडदा, टेबलावरचा कप, सगळं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"एकदम मस्त आहे आई."

"उभी राहा जरा," आई म्हणाली. "मागे सर. अजून."

ताई मागे सरली. आई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"पाय सुजलेत की गं तुझे."

"थोडेसेच आहेत."

"थोडेसे असते तर मला इथून दिसले नसते. डॉक्टरला सांगितलंस?"

ताई म्हणाली, "सोमवारी सांगते. तू काळजी करशील म्हणून..."

"सोमवारी नाही. आत्ता फोन लाव त्यांना."

"तू आहेस ना लाइनवर?"

"आहोत की," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसल्या.