आधी माझ्या घरी जेवा

औंढ्यात जिवनबाई आडे कुठं कामाला आहे असं विचारलं, तर लोक प्रेमाकाकूंच्या घराकडं बोट दाखवतात. जिवनबाईलाच विचारलं तर ती म्हणते, "कामाला काहून? त्यांचं लेकरू माझ्याजवळ असतंय."

तिचं बोलणं असंच ताठ. शिरड शहापूरच्या पुढं माळावर तिचा तांडा आहे. नवरा भावसिंग थोडीशी हळद लावतो, थोडं सोयाबीन पेरतो. उमेदीची सगळी वर्षं दोघांनी ऊसतोडीत घालवली. फडाच्या कडेला झोळीत निजलेली कुणाकुणाची लेकरं जिवनबाईच सांभाळायची, कारण रडणारं पोर तिच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं. भावसिंगची कंबर धरली तेव्हा ऊसतोड सुटली, पण ही ख्याती मागं राहिली.

औंढ्याच्या प्रेमाकाकू म्हणजे देवस्थानातल्या पुजाऱ्याच्या पत्नी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातलं सोवळं काही गेलं नव्हतं. मुलगा अनिरुद्ध तहसीलमध्ये कारकून, सून केतकी हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायला. केतकीची बाळंतपणाची रजा संपली आणि पंचाईत झाली. लहानगी अनुश्री कुणाकडंच राहीना. दोन बायका आल्या आणि कंटाळून गेल्या. मग कुणीतरी जिवनबाईचं नाव सुचवलं. ती आली, लेकराला खांद्यावर टाकलं, तांड्याच्या बोलीतलं काहीतरी गुणगुणत अंगणात फिरली. अनुश्री तिच्या मानेत तोंड खुपसून झोपून गेली. केतकीच्या जिवात जीव आला.

पहिल्याच दिवशी दुपारी प्रेमाकाकूंनी मागच्या दाराशी एक ताटली ठेवली. ताटलीच्या काठाला लाल नखपॉलिशचा ठिपका होता, म्हणजे ती घरातल्या ताटांत मिसळू नये. तीत रात्रीच्या पोळ्या आणि रात्रीचीच वांग्याची भाजी.

"जेवून घे गं."

"मी खाऊन आले, आई," जिवनबाई म्हणाली.

आणि थोड्या वेळानं पेरूच्या झाडाखालच्या पायरीवर बसून तिनं आपलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि ठेचा. प्रेमाकाकूंनी ते खिडकीतून पाहिलं.

"अगं, खाऊन आले म्हणालीस ना?"

"तुमच्या घरी भूक न्हाई लागली," जिवनबाई घास मोडत म्हणाली. "माझ्या भाकरीची लागली."

संध्याकाळी प्रेमाकाकूंनी सुनेला सांगितलं, "लेकराला चांगली आहे, पण तोरा फार आहे हिला."

केतकीनं तो ठिपका सुट्टीच्या दिवशी पाहिला आणि तिला लाज वाटली. सासूशी चार शब्द झाले. ती ताटली भंगारवाल्याकडं गेली. पुढच्या सुट्टीला केतकीनं स्वतः स्वयंपाक केला, घरातल्याच ताटात गरम वरणभात वाढला, वर तूप सोडलं आणि खुर्ची ओढून म्हणाली, "जिवनबाई, बसा. आता आपण जे खाऊ तेच तुम्ही खायचं, आणि इथंच, माझ्याजवळ बसून."

जिवनबाईनं ताटाकडं पाहिलं. तुपाचा वास छान येत होता. तरी ती उभीच राहिली.

"न्हाई ताई."

केतकीचा चेहरा उतरला. "काहून? आता काय चुकलं?"

"तुमचं काही न्हाई चुकलं." जिवनबाईनं अनुश्रीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझी याडी, म्हंजे माझी माय, एका मोठ्या घरी झाडलोट करायची. मी तिच्यासंगं जायची. घरची मालकीण उंबऱ्याच्या आतून हात लांब करायची आन् शिळंपाकं वरून टाकायची. मायनं पदर पसरायचा. एक दिवस मायनं पदर पसरलाच न्हाई. सगळं खाली मातीत पडलं. माय मला म्हणली, चल. त्या घरी आमी परत न्हाई गेलो. उपाशी होतो तरी वाटंनं मायचा हात असा घट्ट होता, की मला भूक कळलीच न्हाई."

"पण मी तसं वाढते का?"

"न्हाई ना. तुमी मायेनं वाढता. पण ताई, तुमी माझ्या घरी कधी जेवलात का? आमच्यात ज्याच्या घरी आपण जेवतो, तो आपल्या घरी जेवतो. एकाच बाजूनं खाल्लं तर ते जेवण न्हाई. ढोरापुढं वैरण टाकावी तसं होतं ते. टाकणाऱ्याचा हात कितीबी मायेचा असू द्या."

आपण एवढं मन मोठं केलं, आता ही बाई खूश होईल, असं केतकीला वाटलं होतं. पण जिवनबाईला असलं मोठं मन नकोच होतं. तिला काय हवं होतं ते कळायला केतकीला ताटातला भात निवेपर्यंत वेळ लागला.

"मग बोलवा ना आम्हाला," ती शेवटी म्हणाली.

हे जिवनबाईला अपेक्षित नव्हतं. क्षणभर ती गडबडली. मग म्हणाली, "तीजेला या. सगळ्यांनी."

भावसिंगला ते ऐकून काळजी लागली. "ती लोकं येणार न्हाईत. आली तर चहा पिऊन जातील आन् तांड्यात हसं होईल."

"चहाला न्हाई बोलावलं मी," जिवनबाई म्हणाली आणि गहू निवडायला बसली.

तीज म्हणजे तांड्याचा श्रावणातला सण. पोरी टोपलीत गहू पेरतात, त्याला रोज पाणी घालून गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात. त्या दिवशी औंढ्याहून गाडी आली. अनिरुद्ध, केतकी, अनुश्री, आणि मागच्या सीटवर प्रेमाकाकूसुद्धा. लेकरू एवढ्या लांब आपल्याशिवाय कसं पाठवायचं, म्हणून त्या आल्या होत्या. सगळा तांडा बघायला जमला. जिवनबाईची मुलगी मिना डोक्यावर टोपली घेऊन पोरींच्या घोळक्यात नाचत होती.

सारवलेल्या ओसरीवर पंगत बसली. तुपातला चुरमा, भाकरी, वरण, अंबाडीची भाजी. अनिरुद्ध आधी मान खाली घालून जेवत होता, मग त्यानं चुरमा दुसऱ्यांदा मागून घेतला. केतकी बायकांमध्ये मांडी घालून बसली. अनुश्रीनं गूळ-तूप केसांपर्यंत माखून घेतलं.

प्रेमाकाकू बाजेवर बसून होत्या. "मला नको गं वाढू. कपभर दूध चालेल."

तांड्यातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जिवनबाईनं घरातल्या सगळ्यात चांगल्या पेल्यात दूध आणून दिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "घ्या आई. दूध तर म्हशीचं. माझ्या हातचं त्यात काहीच न्हाई."

प्रेमाकाकू दूध प्यायल्या, पण ते त्यांना गोड लागलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून जिवनबाई केतकीशेजारी खुर्चीवर बसून जेवू लागली. पोटभर, मागून घेऊन. पण केतकी कॉलेजला गेलेली असली आणि वाढायला प्रेमाकाकू असल्या, की ती आपलं फडकं घेऊन पायरीवर जायची.

"तिच्या हातचं खातेस, माझ्या हातचं काहून नाही?" प्रेमाकाकूंनी एकदा चिडून विचारलं.

"ताई जेवल्या माझ्याकडं. तुमी दूध पिलात, म्हणून तुमच्याकडं मी चहा घेते. बराबर हाय का न्हाई?"

प्रेमाकाकू पाय आपटत आत गेल्या.

असेच महिने गेले. दिवाळी झाली, थंडी पडली. रोज दुपारी प्रेमाकाकू टेबलावर एकट्या जेवायच्या. दाराच्या पलीकडं उन्हात जिवनबाई अनुश्रीला दुधात कुस्करलेली भाकर भरवायची, आणि दोघींचं खिदळणं आत ऐकू यायचं. एक दिवस प्रेमाकाकू आपलं ताट उचलून, दुखरे गुडघे सांभाळत मागच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "सरक जरा."

जिवनबाई सरकली. प्रेमाकाकू पायरीवर टेकल्या.

"काय आणलंयस?"

"भाकर आन् ठेचा."

"दे एक तुकडा."

जिवनबाईनं भाकरीवर हात तसाच ठेवला. "इचार करून मागा, आई. नंतर अंघोळ करायची असंल तर मी न्हाई देत."

"या थंडीत दुसऱ्यांदा अंघोळ कोण करतंय? दे म्हटलं ना!"

जिवनबाईनं भाकर मधोमध मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. ठेच्यानं प्रेमाकाकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, तरी त्यांनी तो संपवला. मग त्यांनी आपलं ताट तिच्याकडं सरकवलं. जिवनबाईनं पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावला, तोंडात घातला, चावला.

"मीठ कमी हाय."

"मला बीपी आहे."

"मंग माझ्यापुरतं वरून घेत जाईन," जिवनबाई म्हणाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या पद्माबाई आल्या. जिवनबाई आतल्या खोलीत अनुश्रीला कपडे घालत होती, आणि पद्माबाईंना वाटलं तिला ऐकू जात नाही.

"काकू, एका ताटात जेवता म्हणे तुम्ही तिच्यासंगं? डोक्यावर बसवून ठेवली तुम्ही तिला."

"ती कशाला कुणाच्या डोक्यावर बसेल?" प्रेमाकाकूंचा आवाज आला. "तिला तिचं घर आहे. आम्ही जातो तिच्याकडं जेवायला. येत्या श्रावणात तीजेलाही जाणार आहोत. तुला यायचं तर चल. पण तिथं जायचं म्हणजे जेवायचं, हे आधीच सांगून ठेवते."

आत जिवनबाईनं अनुश्रीच्या झबल्याची गुंडी लावली. चुकीच्या काजात गेली होती, ती काढून परत लावली. ती ओठ दाबून हसत होती आणि मान आपोआप वर झाली होती.

संध्याकाळी जीपमधून उतरून ती तांड्यात शिरली, तेव्हा भावसिंग शेजाऱ्यांसोबत पारावर बसला होता. घरी जाऊन सांगता आलं असतं, पण तिनं तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अवो, या वर्षी तीजेला औंढ्याहून जास्त पाहुणे हायेत. प्रेमाबाई बी जेवणार हायेत."

भावसिंगनं विचार केला. "मंग पातेलं मोठं लागंल."

"लागंल तर घेऊ," जिवनबाई म्हणाली आणि झपाझप पावलं टाकत घराकडं निघाली.