लाखवाली खाला आणि सोन्याचे करकोचे

कोणतीही वस्तू हाती आली की खाला आधी ती गालाला लावायची. मग ती बांगडी असो, नाही तर बाजारातलं वांगं! घाटनांदुरात लाखेच्या बांगड्या भराव्यात त्या लाखवाल्या खालाकडूनच. आमच्या घरातल्या सगळ्या सुनांची मनगटं तिच्याच ताब्यात होती.

"लाख आगीची लेक हाय, बेटी," शेगडीवर लाख मऊ करताना ती म्हणायची. "गालाला ऊब लागली की समजायचं, जीव हाय. गार वस्तूच्या वाटंला जायचं न्हाई." मी चिडवायची, "मग माठातलं पाणी पीत नाहीस वाटतं?" तशी ती चिमटा उगारायची.

त्या साली माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे गावच्या जागीरदारांनी, हैदराबादेहून एक जपानी पेटी आणली. दौत-कुंचले ठेवायची. अहाहा, काय ते काम! विहिरीतल्या पाण्यासारखं काळंभोर झाकण, तोंड बघून घ्यावं त्यात. वर सोन्याच्या भुकटीचे करकोचे, हिवाळ्यात आपल्या तळ्यावर उतरतात तसेच, आणि शिंपल्याचा चंद्र. पण आमचा उन्हाळा तापला आणि पेटी बसल्या जागी कडकडू लागली. घर गप्प असलं की ऐकू यायचं. मला तर त्या खोलीत जाववेना. एके दिवशी एका करकोच्याचा पंखच सुटून आला.

पेटी एका बड्या हाकिमाला भेट जायची होती. दिरांनी खालाला बोलावलं. "लाखेचंच काम आहे, चिकटव. बिघडली तर या गावात तुझी शेगडी पुन्हा पेटायची नाही."

खालाने पेटी गालाला लावली आणि तिचा चेहरा उतरला. "लई गार हाय, सरकार."

पण जागीरदाराला नाही म्हणायची सोय कुठे होती? त्यात घरी लेक बाळंतपणाला आलेली. लाखेचं काम करणारं कुणीही जे करेल तेच तिने केलं. ऊब यावी म्हणून पेटी निखाऱ्यांवर धरली. ते जपानी रोगण लाखेचं नव्हेच, झाडाच्या चिकाचं, हे तेव्हा कुणाला ठाऊक! लाख असती तर मऊ झाली असती. ही तड्‌कन उभी चिरली, आणि करकोचे कांद्याच्या सालीसारखे वळून गळून पडले.

दीर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "शेगडी विझवा तिची," एवढंच म्हणाले, आणि गड्याने घागर उपडी केली.

दुसऱ्या दिवशी दिवस भरलेल्या लेकीला बैलगाडीत घालून खाला तेलगावच्या वाटेला लागली. दिरांचा असा संताप आला होता मला, पण बोलणार काय, कपाळ! खालाने माझा हात ओढून बांगडी गालाला लावली. "रडती कावून? ऊब हाय की. जवर हिला ऊब, तवर मी हाय समज."

पुढे तेलगावचं कुणी आलं की मी तिची चौकशी करायची, पण कुणाला काही ठाऊक नसायचं. मग रोज आंघोळ झाली की बांगडी गालाला लावायची. वेडी म्हणा हवं तर.

यंदा वैशाखात, भर दुपारी, भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता. भाकऱ्या थापून उठले, सहज मनगट गालाशी नेलं. बांगडी गार होती.

चुलीतले निखारे पुढे ओढले आणि हात त्यांच्यावर धरला. लाख मऊ झाली, मनगटावर ओघळली. चटका बसला गं खाला, पण ऊब काही लागली नाही.