तिला कळेल असं भाषण

निजामाच्या राज्यात भोकरदनच्या कचेरीतला एक कारकून साहेबांची भाषणं लिहून द्यायचा. मी तिथं शाळामास्तर. संध्याकाळी आम्ही नदीकडे फिरायला जायचो. नवं भाषण तो चालता चालता म्हणायचा आणि दम लागला की वाक्य छाटायचा. "साहेबाला जल्दी धाप लागते, मास्तर," म्हणायचा.

भाषणं सगळी उर्दूत. एकदा त्याची आई मुद्दाम टेंभुर्णीहून सभेला आली. टाळ्या खूप पडल्या. परतताना तिनं विचारलं, "बाबा, तू लिहिलंस ते काय व्हतं?" त्यानं मराठीत सांगून पाहिलं, तर सांगण्यासारखं काही उरेचना.

"एक भाषण तिला कळंल असं लिहायचंय," तो मला म्हणाला.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा आई हयात नव्हती. नव्या पुढाऱ्यानं त्याच्याकडून मराठीत भाषण लिहून घेतलं. सभेत कारकून मंचाजवळ थांबला नाही. बायका बसल्या होत्या, त्या कडेला जाऊन उभा राहिला आणि सारा वेळ त्यांच्याच तोंडांकडे पाहत होता. सभा संपल्यावर एका म्हातारीला त्यानं हळूच विचारलं, "मावशी, समजलं का?"

"न समजायला काय झालं?" पदर सावरत ती म्हणाली. "आपल्यावानीच तर बोलून राह्यला त्यो."

तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढं," म्हणाला, आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला लागला. तिथं आता त्याचं कुणीच नव्हतं.