मामाची जागा

नव्या जागी गेलं की लोक आधी माणसं बघतात, मी पायऱ्या बघतो. लहानपणी पोलिओनं दोन्ही पायांतलं बळ गेलं, तेव्हापासूनची ही सवय. चाकाच्या खुर्चीवर बसून फिरता फिरता आख्ख्या तालुक्याच्या पायऱ्या मला पाठ झाल्यात. वडगाव रासाईत माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे. बसून करायचं काम, त्यामुळे त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. एकूण माझं बरं चाललंय. तक्रार एकच, मला उचललेलं आवडत नाही.

लग्नकार्यात हे फार होतं. स्टेज दिसलं की कुणीतरी ओरडतं, "उचला रं!" मग चारी बाजूंनी माणसं धावतात, प्रत्येकाचा जोर वेगळ्या दिशेला, आणि मी मधे विसर्जनाच्या गणपतीसारखा डुलत वर जातो. खाली पाहुणे मंडळी बोलणं थांबवून बघत बसतात. सगळे प्रेमानं करतात हे कळतं मला. तरी लाज वाटते, आणि लाज वाटली की मी चिडतो.

गेल्या उन्हाळ्यात केडगावच्या आक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी तिचा एकुलता एक भाऊ. नवरीला मांडवात घेऊन यायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान मामाचा. भाची रांगत होती तेव्हापासून मी या दिवसाची वाट बघत होतो.

तारीख सांगायला आलेली आक्का चहा पिता पिता म्हणाली, "तू म्होरं सोफ्यावर बस निवांत. पाठीमागं आपल्या चुलतभावाला उभं करू. त्योबी मामाच की."

"का? मला काय झालंय?"

"आरं, उभं ऱ्हायाचं असतंय."

माझी दगदग होऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. पण मला ते फार लागलं. "आक्का, मामाचा फेटा मीच बांधणार," मी म्हणालो, "वर कसं यायचं ते माझं मी बघतो." बोलून बसलो खरा, पण काय बघणार हे माझं मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जेवणाचं ठरवायला वरवंडच्या मंगल कार्यालयात निघाले. मीही गाडीत बसलो. दाजी जिलेबी की गुलाबजाम यात अडकले होते आणि मी स्टेजकडे टक लावून होतो. समोर चांगल्या उंच पायऱ्या. मॅनेजर म्हणाला, "काळजी नगा करू मामा. पोरं हायेत की, उचलत्याल." मी खट्टू झालो.

तेवढ्यात स्टेजवर डीजेचे स्पीकर दिसले, कपाटाएवढे. "हे कसे वर नेता? उचलून?"

"छ्या, कंबरडं मोडंल. पाठीमागनं उतार हाय, भटारखान्यातनं. ढकलत आणत्यात."

त्या मॅनेजरला मिठी मारावीशी वाटली. स्पीकरला जमतं ते मला का जमू नये?

लग्नाच्या दिवशी माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." सगळा मांडव मधल्या वाटेकडे बघत होता आणि आम्ही दोघं मसालेभाताच्या पातेल्यांमधून चाललो होतो. भाचीनंच हट्ट धरला होता, "मामा, तुमी जिकडनं याल तिकडनंच मी येणार." चाकं मी फिरवत होतो, तिच्या एका हातात शालूचा घोळ, दुसऱ्या हातात खुर्चीची मूठ. आचारी झारा उंच धरून बाजूला झाला. म्हणाला, "मामा नवरीला न्हेतोय, का नवरी मामाला?"

"जो दमंल त्याला दुसरा," भाची म्हणाली.

चढ माझा मी चढलो, आणि आम्ही मागच्या पडद्यातून थेट स्टेजवर उगवलो. आक्कानं तोंडाला पदर लावला. हसत होती आणि रडतही होती. मला मात्र नुसता आनंद झाला होता, आणि फेट्याखाली भरपूर घाम आला होता.

अंतरपाट धरला गेला. माइकवाला त्याच्या सवयीनं म्हणाला, "दोन्हीकडच्या मामांनी पाठीशी उभं राहावं." नवऱ्याचा मामा ताठ उभा राहिला. मी खुर्ची भाचीच्या अगदी मागे लावली. उभ्या माणसाला तिचा गजरा दिसला असता. मला बसल्या जागेवरून शालूचा काठ दिसत होता, आणि तो थरथरत होता. पोरगी सकाळपासून उपाशी, त्यात अंगावर तो जड शालू. तिचे पाय लटपटत होते.

मान न वळवता तिनं हळूच विचारलं, "मामा, ब्रेक लावलाय न्हवं?"

"लावलाय."

ती जराशी मागं सरकली आणि माझ्या गुडघ्यांना टेकली. माझ्या पायांनी आजवर कुणाचा भार घेतला नव्हता, माझासुद्धा. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती त्यांच्याच आधारानं उभी होती.